दोनशे मिलिलिटर : मासळी कारखान्यातील एका मुलाखतीच्या तयारीचे प्रकरण

पूर्णगडच्या किल्ल्याखाली मुचकुंदी नदी समुद्राला मिळते. त्या खाडीच्या काठावरील एका गावातल्या मुलीने रत्नागिरीजवळच्या मासळी-प्रक्रिया कारखान्यात ‘क्वालिटी कंट्रोल असिस्टंट’ या जागेसाठी मुलाखत दिली. त्या मुलाखतीच्या तयारीची ही नोंद आहे. मुलीचे आणि कारखान्याचे नाव मी येथे देत नाही. त्यावाचून प्रकरण समजायला काही अडत नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पावस येथे राहते, आणि बारावी किंवा पदवी झालेली आसपासची मुले अर्ज लिहायला, फॉर्म भरायला किंवा नुसतेच ‘बाई, पुढे काय करू’ असे विचारायला माझ्याकडे येतात. या मुलीच्या तयारीसाठी आमच्या हातात बारा दिवस होते. त्यांतले पहिले पाच दिवस वाया गेले आणि ते मी घालवले.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. या ६१ दिवसांत मिरकरवाड्याच्या बंदरातली वर्दळ थांबते, कारखान्यांत ताजी आवक जवळजवळ नसते, यंत्रांच्या दुरुस्त्या निघतात आणि ऑगस्टपासून सुरू होणाऱ्या हंगामासाठी माणसे घेतली जातात. मुलीला बोलावणे आले ते जुलैच्या मध्यावर, मोबाइलवरच्या दोन ओळींच्या निरोपाने. ती सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. झाली त्याला तेव्हा दोन वर्षे होऊन गेली होती. वडील दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी. आई पावसच्या बाजारात मासे विकते. आईला पाठीच्या दुखण्याने बसवेना झाले तेव्हा मुलगी तिच्या जागी टोपली घेऊन बसू लागली आणि त्यात दोन हंगाम गेले. मध्यंतरी लोट्याच्या एका रासायनिक कारखान्यात ती एकदा मुलाखत देऊन आली होती. तिथे ‘स्वतःविषयी सांगा’ या पहिल्याच प्रश्नाला तिची बोबडी वळली होती. या वेळी तसे होऊ नये, एवढीच तिची माझ्याकडे मागणी होती.

जागा एक होती आणि तिच्यासाठी मत्स्यविज्ञानाचे पदवीधरही येणार हे उघड होते. रत्नागिरीजवळ शिरगावला १९८१ पासून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय आहे, आणि तिथून चार वर्षे शिकून बाहेर पडलेल्या मुलामुलींना मासळीच्या प्रक्रियेचे जे शिक्षण मिळते ते साध्या बी.एस्सी.ला मिळत नाही. ही गोष्ट मी तिला पहिल्याच दिवशी सांगितली. धीर देण्याच्या भरात समोरच्याचे बळ लपवून ठेवणे मला पटत नाही.

आधी बायोडेटाविषयी. तिने आणलेला कागद तालुक्याच्या एका डीटीपीच्या दुकानात टाइप केलेला होता, आणि आपल्याकडे बायोडेटा म्हटले की टाइप करणाऱ्याच्या मनात पहिल्यांदा लग्नाचाच येतो, त्यामुळे त्यात उंची, रास आणि दोन्ही मामांची गावे आली होती. खाली ‘आवड : वाचन, संगीत’ असे होते. शेवटचे वाचलेले पुस्तक कोणते, असे विचारल्यावर ती हसली. आम्ही रास आणि मामा काढले, आवडीची ओळ काढली, आणि तिच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाची ओळ, जी शेवटी कोपऱ्यात पडली होती, वर घेतली. प्रकल्प पिण्याच्या पाण्यातील कोलिफॉर्म जिवाणूंच्या मोजणीचा होता. मासळी धुण्याचे पाणी आणि बर्फ या दोन्हींची तीच तपासणी होते, हे त्या क्षणी ना तिच्या ध्यानात आले, ना माझ्या.

त्यानंतरचे पाच दिवस मी तिला प्रश्नोत्तरे पाठ करायला लावली. मी स्वतः २२ प्रश्न काढले, त्यांची इंग्रजी उत्तरे लिहून दिली आणि ती तिने निष्ठेने घोकली. तुमची बलस्थाने कोणती, उणिवा कोणत्या, पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल, आम्ही तुम्हालाच का घ्यावे. त्यात तिच्या चुलतभावाने भर घातली. तो स्पर्धापरीक्षांचा अभ्यास करतो. त्याने तिला सामान्यज्ञानाचे जाडजूड पुस्तक आणून दिले, आणि रोज संध्याकाळी ती जिल्ह्यातील धरणे, नद्या आणि पालकमंत्र्यांची नावे म्हणू लागली. आपल्याकडे ‘मुलाखत’ या शब्दाला अजून सरकारी नोकरीचा वास आहे. केंद्र सरकारने गट ‘क’ आणि अराजपत्रित गट ‘ब’ या पदांच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंद केल्या, तरी घराघरांत मुलाखतीची कल्पना तीच राहिली आहे : टेबलापलीकडे तीन साहेब, आणि ते काहीही विचारू शकतात. काहीही विचारू शकतात म्हटले की काहीही वाचावे लागते, आणि मग नेमके जे वाचायचे ते राहून जाते.

पाचव्या दिवशी आमच्या शेजारी राहणाऱ्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांना मी लटकी मुलाखत घ्यायला बसवले. माझ्या यादीतले तीन प्रश्न त्यांनी विचारले आणि तिने ते अडखळत का होईना पार पाडले. मग त्यांनी यादी बाजूला ठेवली आणि सहज विचारले, “बरं, तुम्हाला घेतलं, तर तिथं दिवसभर तुम्ही नक्की काय करणार?” मुलगी क्षणभर थांबली आणि तिने ‘आम्ही तुम्हालाच का घ्यावे’ या प्रश्नाचे पाठ केलेले उत्तर पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवले. तिची बोबडी वळली नव्हती; उलट ती न थांबता बोलली, पण विचारलेल्या गोष्टीविषयी तिने एक शब्दही काढला नाही. अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी उत्तर सांगायला तोंड उघडले आणि माझ्या लक्षात आले की ते मलाही येत नाही. एका कामासाठी मी तिला पाच दिवस तयार करत होते आणि ते काम काय असते याची मला पुसटशीही कल्पना नव्हती.

सहाव्या दिवशी आम्ही प्रथमच जाहिरात वाचली, म्हणजे शब्द न शब्द लावून वाचली. ती चार ओळींची होती : बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी किंवा बी.एफ.एस्सी. (मत्स्यविज्ञानाची पदवी); एचएसीसीपीची (अन्नातले धोके आधीच ओळखून रोखण्याच्या पद्धतीची) माहिती आवश्यक; शिफ्टमध्ये काम करण्याची तयारी; स्थानिकांना प्राधान्य. यांतल्या प्रत्येक ओळीवर मुलाखतीत निदान एक प्रश्न येणार हे सांगायला कुणा तज्ज्ञाची गरज नव्हती, तरी या चार ओळींपैकी एकीचीही आम्ही तोवर तयारी केली नव्हती. त्याच संध्याकाळी मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. तो गुजरातमध्ये वेरावळला अशाच कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. तो चाळीस मिनिटे बोलला आणि त्याने एकाही आदर्श उत्तराचे नाव घेतले नाही. त्याने आपला आदल्या हंगामातला एक दिवस सांगितला. गाडी आली की टपातल्या मासळीच्या पोटात थर्मामीटर खुपसून तापमान घ्यायचे, बर्फ पुरेसा आहे का पाहायचे, डोळे, कल्ले, वास आणि घट्टपणा पाहून माल घ्यायचा की परत पाठवायचा ते लिहायचे. हात धुण्याच्या, पाय बुडवण्याच्या आणि भांडी धुण्याच्या पाण्यात क्लोरीन किती आहे ते पाहायचे. कामगारांच्या हातांना जखम आहे का, कुणी बांगडी घालून आत आले आहे का ते पाहायचे. फ्रीझरमधून निघालेल्या ब्लॉकच्या, म्हणजे गोठवलेल्या मासळीच्या लादीच्या, गाभ्याचे तापमान घ्यायचे. आणि या प्रत्येक गोष्टीची वेळेसह नोंद करून सही करायची. “आणि बाई,” तो शेवटी म्हणाला, “आमच्याकडं अर्धी मुलाखत टेबलावर होते आणि अर्धी फ्लोअरवर. टेबलावर इंग्रजी फाडणारे पुष्कळ येतात. फ्लोअरवर नेलं की कळतं.”

त्याने दिलेला पहिला प्रश्न येथे सविस्तर देते, कारण सगळी तयारी त्याच्यापाशी वळली. पाय बुडवण्याच्या हौदात १०० लिटर पाणी आहे, त्यात २०० पीपीएम क्लोरीन हवा आहे, तुमच्याकडे १० टक्के उपलब्ध क्लोरीन असलेले सोडियम हायपोक्लोराइट आहे, किती घालाल? मुलीने वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. दर लिटरला २०० मिलिग्रॅम, म्हणून १०० लिटरला २०,००० मिलिग्रॅम, म्हणजे २० ग्रॅम. इथवर बरोबर. मग तिने खाली रेघ ओढून उत्तर लिहिले : २० मिलिलिटर. २० ग्रॅम हे शुद्ध क्लोरीनचे वजन आहे आणि बाटलीत त्याचा फक्त दहावा भाग आहे, दर लिटरला १०० ग्रॅम, ही गोष्ट तिच्या हातून निसटली. खरे उत्तर २०० मिलिलिटर. चूक एका शून्याची. पण तिच्या उत्तराप्रमाणे हौद भरला असता तर त्यात २०० ऐवजी २० पीपीएम क्लोरीन राहिला असता, आणि बंदरावरच्या चिखलातून आलेले गमबूट त्यात बुडवून प्रत्येक जण पाय स्वच्छ झाल्याच्या समाधानात आत गेला असता. वर्गात असली चूक म्हणजे एक गुण कमी. हौदाच्या काठावर तिचा अर्थ काय होतो हे चित्र डोळ्यांपुढे आल्यावर ती गप्प झाली, आणि मीही झाले, कारण तीस वर्षे असली गणिते मी फळ्यावर सोडवली होती, पण हौद कधी मनात आला नव्हता.

त्या रात्री तिने आकडे बदलून असे दहा हिशेब केले : हौद लहान, द्रावण ४ टक्क्यांचे, पाणी ७० लिटर. दुसऱ्या दिवशी तिने मला आपणहून विचारले की बाटलीवर १० टक्के लिहिले असले तरी आत तेवढा क्लोरीन राहतो का. राहत नाही. उष्णतेत आणि उजेडात हायपोक्लोराइटची ताकद उतरत जाते, म्हणून हिशेबाने घातल्यावर चाचणीच्या पट्टीने तपासावेच लागते. तयारी रुळावर आल्याची मला पटलेली पहिली खूण म्हणजे हा प्रश्न.

एचएसीसीपीचे तसे नव्हते. कोडेक्सने, म्हणजे अन्नाची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणाऱ्या संस्थेने, सांगितलेली त्याची सात तत्त्वे तिने एका दिवसात पाढ्यासारखी पाठ केली : धोक्यांचे विश्लेषण, निर्णायक नियंत्रण बिंदू, त्यांच्या मर्यादा, देखरेख, सुधारणेची कृती, पडताळणी आणि नोंदी. पाठांतर वाया जात नाही. निदान शब्द तोंडात बसतात. परंतु वेरावळच्या विद्यार्थ्याने फोनवर विचारले की ब्लॉक फ्रीझरमधून काढताना गाभ्याचे तापमान उणे १८ अंश सेल्सिअस हवे, आणि तुझ्या थर्मामीटरवर उणे १२ दिसते, तर पहिल्यांदा काय करशील, तेव्हा सात तत्त्वांपैकी एकही तिच्या मदतीला आले नाही. ती म्हणाली, “परत फ्रीझरमध्ये ठेवीन.” तो म्हणाला, “ते नंतर. आधी थर्मामीटर खरा आहे हे कशावरून?”

थर्मामीटर तपासायचा सोपा मार्ग म्हणजे बर्फाचे पाणी. आम्ही ते लगेच करून पाहिले. स्टीलच्या पेल्यात बर्फ ठेचून गच्च भरला, वरून थोडे थंड पाणी ओतले, चमच्याने ढवळले आणि कपाटात पडून असलेला माझा प्रयोगशाळेतला थर्मामीटर, टोक तळाला लागू न देता, त्यात धरला. दोन मिनिटांनी पारा स्थिरावला तो शून्यावर नव्हे, दीड अंशावर. मुलीने तीनदा पाहिले. मी हा थर्मामीटर कित्येक वर्षे मुलांच्या हातात देत आले होते. तिने वहीत तारीख, वेळ आणि ‘+१.५’ असे लिहिले, आणि मग पुढच्या पायऱ्या तिच्या तिनेच लावल्या : त्याच खेपेतले आणखी ब्लॉक तपासायचे, तो माल वेगळा काढून त्यावर ‘होल्ड’ची चिठ्ठी लावायची, पर्यवेक्षकाला सांगायचे, नोंद करायची, गाभा उणे १८ होईपर्यंत पुन्हा गोठवायचे, आणि तापमान का उतरले नाही ते शोधायचे, दार उघडे राहिले की माल ठासून भरला. सात तत्त्वांतली चार तरी यात आली आहेत हे तिला नंतर दिसले.

आता बांगड्याविषयी, कारण येथे मी दुसरी चूक करण्याच्या बेतात होते. मुलीने दोन हंगाम मासे विकले आहेत. ताजा बांगडा कसा ओळखायचा हे तिला कुणी शिकवायला नको : डोळा फुगीर आणि स्वच्छ, कल्ला लाल, पोट घट्ट, पाठीवरची झळाळी शाबूत. पोट फुटलेला बांगडा ती लांबूनही ओळखते. हे ऐकून मला फार आनंद झाला आणि ‘मुलाखतीत हेच सांग, पुस्तकवाल्यांना हे येणार नाही’ असे मी तिला सांगून टाकले. वेरावळच्या विद्यार्थ्याने माझा आनंद अर्धा केला. बांगडा, तारली, कुपा या माशांच्या स्नायूंत हिस्टिडीन नावाचे अमिनो आम्ल पुष्कळ असते. मासा पकडल्यावर तो बर्फाविना उन्हात राहिला की काही जिवाणू त्याचे हिस्टामाइन करतात. ते शिजवल्याने जात नाही, गोठवल्यानेही जात नाही, आणि दिसायला मासा चांगला असतानाही ते त्यात असू शकते. पुढे त्याला बर्फात ठेवले तरी झालेले हिस्टामाइन तसेच राहते. म्हणजे ज्या डोळ्यांवर माझ्या उमेदवाराची सगळी भिस्त होती, ते डोळे येथे फसू शकतात.

मुलीने हे ऐकले आणि काही वेळाने म्हणाली, “बाई, आमच्याकडं म्हणतात ना, बांगडा बाधला, अंगावर पित्त उठलं.” किनाऱ्यावर हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेले असते. चेहरा लाल होतो, डोके दुखते, अंगावर गांधी उठतात, आणि दोष खाणाऱ्याच्या प्रकृतीला दिला जातो : त्याला बांगडा सोसत नाही. काहींना माशाची खरीच ॲलर्जी असते. परंतु काही वेळा हे हिस्टामाइन असते, आणि तेव्हा दोष प्रकृतीचा नसून त्या टोपलीतल्या बर्फाचा असतो. पदवीच्या अभ्यासात तिने हिस्टामाइन वाचले होते आणि घरात तिने पित्त पाहिले होते. दोन्ही एकच असू शकते हे तिला त्या दिवशी प्रथम सुचले. घरच्या अनुभवाचे तोंडभर कौतुक करणे सोपे असते. त्या अनुभवाची हद्द कुठे संपते ते उमेदवाराला ठाऊक असणे, हे मुलाखत घेणाऱ्याच्या दृष्टीने कौतुकाहून अधिक मोलाचे आहे, असे माझे मत या प्रकरणानंतर झाले.

भाषेचा प्रश्न आम्ही फार ताणला नाही. मासळीच्या निर्यातीचे काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या प्राधिकरणाचे मुख्यालय कोचीला आहे, या धंद्यात केरळचे तंत्रज्ञ पुष्कळ आहेत, आणि कारखान्याचे प्रमुखही केरळचेच आहेत असे कळले होते. तेव्हा मुलाखत हिंदीत किंवा इंग्रजीत होणार. मी लिहून दिलेली २२ इंग्रजी उत्तरे आम्ही बाजूला ठेवली. ज्या भाषेत प्रश्न येईल त्या भाषेत उत्तर द्यायचे, कामाचे शब्द कारखान्यात जसे म्हणतात तसेच म्हणायचे, आणि वाक्य अडले तर दोन लहान वाक्ये करायची, एवढेच ठरवले. ‘स्वतःविषयी सांगा’ याचे उत्तर मात्र तिने स्वतः तयार केले; त्यात शिक्षण, कोलिफॉर्मचा प्रकल्प आणि दोन हंगामांची मासेविक्री अशी तीन वाक्ये होती, आणि ती तिने पाठ न करता रोज थोडी वेगळी म्हणून पाहिली.

त्या दोन वर्षांच्या खंडाचे काय सांगायचे, यावर आम्ही दोन संध्याकाळी खर्च केल्या. ‘घरी होते’ असे ती म्हणे तेव्हा आवाज खाली जाई. मी तिला म्हटले की तू घरी नव्हतीस, पहाटे बंदरावर होतीस. रोजची आवक, दर, उधारी आणि उरलेला माल ती एका लाल वहीत लिहीत असे; ती वही तिने मला दाखवली. एकही दिवस रिकामा नव्हता. ज्या कामात निम्मा वेळ नोंदीत जातो, त्या कामासाठी ही वही पुष्कळ बोलकी होती. वही सोबत न्यायची का, यावर आमचा वाद झाला. ती ‘नको’ म्हणाली आणि तिचेच बरोबर होते, कारण त्यात गिऱ्हाइकांची नावे आणि उधाऱ्या होत्या.

तिसऱ्या ओळीचा, म्हणजे शिफ्टचा प्रश्न तयारीने सुटणारा नव्हता, तो घरी सुटायचा होता. नौका येतील तेव्हा माल येतो, त्यामुळे हंगामात कारखाना रात्रीही चालतो. मुलाखतीत ‘चालेल’ म्हणून यायचे आणि नंतर घरी रामायण व्हायचे, असे मी इतर मुलींच्या बाबतीत पाहिले आहे. म्हणून तिच्या आईवडिलांना मी बोलावून घेतले. आईने सरळ विचारले, “बाई, रात्री दोनला सुटली तर यायची कशी? यष्टी पहाटेशिवाय नाही.” वडील बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “मी जातो तेव्हा कोण विचारतं, येणार कसा म्हणून?” आई म्हणाली, “मी विचारते.” त्यावर कुणी काही बोलले नाही. शेवटी असे ठरले की रात्रपाळीला नकार द्यायचा नाही, पण घरी पोचवण्याची सोय काय आहे हे मुलीने मुलाखतीतच स्पष्ट विचारायचे, आणि उत्तर ऐकून मगच होकार द्यायचा. असा प्रश्न विचारला तर ते रागावतील, ही भीती आईपेक्षा मुलीलाच जास्त होती. स्त्रियांना रात्रपाळी देणाऱ्या मालकाने सुरक्षिततेची आणि वाहनाची सोय करायची असते, ती काही मेहेरबानी नव्हे, हे मी तिला सांगितले.

मुलाखतीच्या सकाळी पाऊस धो धो कोसळत होता. पहिल्या एसटीने ती निघाली, भाट्याच्या पुलावरून रत्नागिरीत शिरली आणि तासभर आधी कारखान्याच्या फाटकाशी पोचली. कपड्यांवरून आदल्या रात्री घरात थोडी कुरबूर झाली होती. मावशीने शुभ म्हणून हिरव्या बांगड्या आणि अबोलीचा वळेसर काढून ठेवला होता. प्रक्रियेच्या दालनात बांगड्या, अंगठी, केसांतले फूल, नखांचा रंग यांतले काहीच चालत नाही, आणि क्वालिटीच्या जागेसाठी आलेली मुलगीच ते लेवून आली तर पुढे बोलायलाच नको. मावशीचे मन राखायला बांगड्या पर्समध्ये गेल्या. अंगावर सुती पंजाबी ड्रेस, पायांत बंद बूट, नखे कापलेली.

आत काय झाले ते तिने संध्याकाळी सांगितले आणि मी लिहून घेतले. समोर तिघे होते : कारखान्याचे प्रमुख, क्वालिटी विभागाच्या प्रमुख बाई आणि मनुष्यबळ विभागाचे एक गृहस्थ. टेबलावर दहाच मिनिटे गेली. स्वतःविषयी विचारले, प्रकल्पाविषयी दोन प्रश्न झाले, आणि पाण्यातले कोलिफॉर्म मोजणारी मुलगी बर्फातले मोजू शकेल का, असे विचारल्यावर तिने ‘बर्फ आधी वितळू द्यावा लागेल, पुढची पद्धत तीच’ असे सांगितले. मग तिला गमबूट, टोपी आणि मास्क देऊन आत नेले. दाराशी कुणी काही सांगितले नाही. तिने कोपरापर्यंत हात धुतले आणि पाय हौदात बुडवून आत गेली. विभागप्रमुख बाई मागे उभ्या राहून नेमके हेच पाहत होत्या असे तिला वाटले. हौदापाशी त्यांनी हिशेब विचारला, आकडे वेगळे होते, आणि तिने तो तोंडी केला. उत्तर दिल्यावर तिने स्वतः जोडले की द्रावण जुने असेल तर पट्टीने पाहावे लागेल.

बंदीचा काळ असल्यामुळे ताजी मासळी नव्हती. शीतगृहातले वितळवलेले दोन बांगडे एका ट्रेमध्ये ठेवले होते. एकाचे पोट फुटलेले होते. तो तिने लगेच बाजूला केला. दुसरा चांगला दिसतो, घेशील का, असे विचारल्यावर ती म्हणाली की दिसायला चांगला आहे, पण हिस्टामाइन डोळ्यांना दिसत नाही. बोटीपासूनच्या तापमानाच्या नोंदी पाहीन आणि नमुना लॅबला देईन. यानंतर एक प्रश्न तिला मुळीच आला नाही : प्रतिजैविकांची तपासणी कोळंबीच्याच बाबतीत एवढी काटेकोर का? तिने ‘माहीत नाही’ असे सांगितले, आणि मग न राहवून म्हणाली, “पण मॅडम, आमच्याकडची कोळंबी समुद्रातली. तिला औषध कोण देणार?” बाई हसल्या. उत्तर त्यातच होते : औषध दिले जाते ते तळ्यात पाळलेल्या कोळंबीला, म्हणून संशय तिच्यावर.

प्रमुखांनी शेवटी विचारले की कंटेनर फाटकात उभा आहे, प्रॉडक्शनवाले म्हणतात माल सोडा, तुमची नोंद म्हणते तापमान बसत नाही, तर काय कराल? या प्रश्नाचे मी तिला बरेच गुळगुळीत उत्तर सुचवले होते, दोन्ही विभागांत समन्वय वगैरे. तिने ते म्हटले नाही. “सही करणार नाही, आणि तुम्हाला फोन करीन,” एवढेच ती म्हणाली. रात्रीच्या गाडीविषयी तिने विचारले. मनुष्यबळाच्या गृहस्थांनी गाडी पावसपर्यंत येते असे सांगितले आणि कुणी रागावले नाही. दोन वर्षांच्या खंडाविषयी कुणी अवाक्षर काढले नाही. पालकमंत्रीही कुणी विचारले नाहीत.

जाहिरातीतील जागा तिला मिळाली नाही. ती मत्स्य महाविद्यालयाच्या एका पदवीधराला गेली, आणि कागदावर पाहता ते योग्यच होते. आठ दिवसांनी तिला त्याच विभागात सहा महिने शिकाऊ म्हणून, कमी पगारावर, घेण्याविषयी निरोप आला. हे तयारीमुळे झाले, स्थानिक असल्यामुळे झाले, की हंगामाच्या तोंडावर त्यांना माणूस हवाच होता म्हणून झाले, ते मला सांगता येणार नाही. तिने दोन दिवस मागून घेतले, प्रवास आणि जेवणाचा खर्च वहीत मांडला, सहा महिन्यांनंतर काय, हे लेखी विचारले, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात रुजू झाली.

कारखान्याची गाडी अजूनही पावसपर्यंतच येते. पुढचे अंतर वडील तिला दुचाकीवरून नेतात. ज्या रात्री ते समुद्रावर असतात त्या रात्री ती माझ्या माजघरात झोपते आणि पहाटेच्या एसटीने घरी जाते.